खूण मागावी की ओळखावी?

मी बेंगळुरूच्या राजाजीनगरातून बोलतो आहे. या शहरात गुरुवारी विवेकनगरच्या बाळ येशूच्या देवस्थानात नोव्हेनाला केवढी गर्दी होते, हे इथल्या कुणालाही विचारा. त्या गर्दीतला प्रत्येक जण काहीतरी प्रश्न घेऊन आलेला असतो. आखाती देशातली नोकरी घ्यावी का? मुलीला हे स्थळ द्यावं का? ऑपरेशन आता करावं की थांबावं? आणि बहुतेकांच्या मनात एकच विनवणी असते, ‘देवा, काहीतरी खूण दे.’

मग घरी आल्यावर कुणी डोळे मिटून बायबल उघडतं आणि जिथे बोट पडेल ती ओळ वाचतं. कुणी मनाशी ठरवतं, संध्याकाळपर्यंत फोन आला तर होकार, नाहीतर नकार. आपल्या मराठी माणसाला हे काही नवीन नाही. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीवर पाकळ्या किंवा कळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर देवाची परवानगी समजायची. चर्चमध्ये कौल लावत नाहीत, पण माणसाचं मन तेच आहे. म्हणून आजचा प्रश्न असा, की रोजच्या आयुष्यात देवाची खूण कशी ओळखायची, याबद्दल कॅथलिक परंपरा काय शिकली? ती हे एका दिवसात शिकलेली नाही.

सुरुवात संत ऑगस्टीनपासून करू. साल ३८६, गाव मिलान. ऑगस्टीन बागेत रडत बसला होता. शेजारच्या घरातून एका लहान मुलाचा आवाज आला, ‘घे आणि वाच’ अशा अर्थाचा. त्याने पौलाची पत्रं उघडली, समोर आलेला उतारा वाचला आणि त्याचं आयुष्य बदललं. प्रवचनांत ही गोष्ट पुष्कळदा इथेच संपते. पण त्याआधीची वर्षं विसरून चालणार नाही. आई मोनिका रडून प्रार्थना करत होती, बिशप अँब्रोसची प्रवचनं कानांवर पडत होती, आणि त्या दिवशी तो ज्या प्रश्नावर रडत होता त्याच प्रश्नाशी तो कित्येक वर्षं झगडत होता. त्या आवाजाने त्याला नवी माहिती दिली नाही. जे पटलं होतं पण करवत नव्हतं, ते करायचं बळ दिलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी सांगितली जात नाही. हाच ऑगस्टीन पुढे हिप्पोचा बिशप झाला, तेव्हा त्याने एका पत्रात लिहिलं, की शुभवर्तमानाची पानं उघडून संसारातल्या कामांसाठी कौल पाहण्याची रीत आपल्याला आवडत नाही. लोकांनी भुताखेतांकडे जाण्यापेक्षा हे परवडलं, एवढीच सूट त्याने दिली. पुढे ५०६ साली दक्षिण फ्रान्समधल्या आग्द इथे बिशपांची सभा भरली. पवित्र ग्रंथांतून असा कौल पाहणाऱ्यांना चर्चच्या बाहेर ठेवावं, असा नियम त्या सभेने केला आणि तो धर्मगुरूंनाही लागू केला. याचा अर्थ उघड आहे. धर्मगुरूसुद्धा तेच करत होते.

आता हजार वर्षं पुढे येऊ. १५२२ साली इग्नेशियस लोयोला खेचरावर बसून मोन्सेरातला निघाला होता. वाटेत एक मूर भेटला, पवित्र मरियेच्या कौमार्यावरून वाद झाला आणि मूर पुढे निघून गेला. इग्नेशियसच्या मनात आलं, मरियेचा अपमान झालाय, गाठून याला खंजीर खुपसावा का? ठरेना. शेवटी त्याने लगाम सैल सोडला. पुढे फाटा होता. खेचर मूर गेला त्या गावाकडे वळलं तर त्याला मारायचं, हमरस्त्याने गेलं तर सोडून द्यायचं. खेचर हमरस्त्याने गेलं.

म्हणजे एका माणसाचा जीव खेचराच्या पावलावर टांगलेला होता! म्हातारपणी रोममध्ये इग्नेशियसने ही हकिकत स्वतः सांगितली, आणि सांगताना मोठेपणा घेतला नाही. देवाची सेवा करण्याची मोठी हौस होती, पण आत्मा अजून आंधळा होता, असाच तिचा सूर आहे.

मग तो डोळस कसा झाला? त्याचं बीज आधीच्या आजारपणात होतं. पाम्प्लोनाच्या लढाईत, १५२१ साली, तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला होता. अंथरुणावर पडून तो कधी शूर सरदारांची स्वप्नं रंगवी, कधी संतांची चरित्रं वाची. दोन्हींत गोडी वाटे. पण सरदारांची स्वप्नं संपली की मन कोरडं पडे, आणि संतांच्या विचारानंतर समाधान मागे राही. या मागे उरणाऱ्या चवीकडे त्याने पुढे वर्षानुवर्षं लक्ष दिलं. त्यातून ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ झाला आणि १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली.

त्यातले काही नियम फार व्यवहारी आहेत. मन उदास, कोरडं असताना आधी केलेला निश्चय फिरवू नये. दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे शांतपणे मांडावेत. आपल्या जागी एखादा अनोळखी माणूस असता तर त्याला काय सल्ला दिला असता, ते पाहावं. मृत्यूच्या घडीला आपण काय निवडलेलं आवडेल, याचा विचार करावा. यात खेचराला कुठेही जागा नाही.

आता आपल्या वसईकडे येऊ. वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना, १५५७ च्या सुमारास, तिथे गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघी फादरांच्या हाताखाली तो शिकला आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने उत्तम आत्मसात केली, धर्मशिक्षणाचं काम वर्षानुवर्षं केलं. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही.

ही खूण कशी वाचायची? ‘देवाला मी नको आहे’ अशी सहज वाचता आली असती. गोन्सालो व्यापारात पडला, त्यात जमही बसला. पण ओढ गेली नाही. पुढे मनिलात तो फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला, धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून. १५९३ साली फ्रान्सिस्कनांचं शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेलं, तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालोच कामी आला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस ख्रिस्ती जणांना क्रुसावर मारलं, त्यांत तो होता. ज्या संघाने त्याला घेतलं नव्हतं, त्या येशूसंघाचेही तिघे त्याच टेकडीवर मेले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे. एक दार बंद झालं, ही घटना होती. ती खूण होती की नाही, हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं. टिकून राहिली ती ओढ. अनेक वर्षांत ती विझली नाही, कमाईतही बुडाली नाही, आणि तिने त्याला दुसऱ्यांच्या सेवेकडे नेलं.

म्हणून नोव्हेनाला जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की खूण मागायला हरकत नाही, पण फोन, आकडा किंवा बोटाखालची ओळ यांवर ऑपरेशन आणि लग्न टांगू नका. डॉक्टरला विचारा, मुलीला विचारा, जाणत्या फादरांशी बोला. काही दिवस थांबून मनात काय उरतं ते पाहा. एवढं करूनही उत्तर स्पष्ट न होण्याची शक्यता असते. तेव्हा गोन्सालोसारखं हातातलं काम नीट करत राहावं. त्याच्या बाबतीत पुढे उपयोगी पडली ती, प्रवेश मिळत नसतानाच्या वर्षांत शिकलेली जपानी भाषा.