स्टेडियमखालची भूक

"जेवायचं म्हटलं की नाटकं करते," असं पोरीसमोरच सांगणारे आईबाप मला आहारतज्ज्ञ म्हणून नेहमी भेटतात. मला मग मिनेसोटा विद्यापीठाचं फुटबॉल स्टेडियम आठवतं.

युद्धावर जायला नकार दिलेले ३६ तरुण १९४४ च्या अखेरीस त्याच्या गॅलरीखाली राहायला आले, आपणहून. मन आणि शरीर दोन्ही तपासून निवडलेले. संशोधक ॲन्सेल कीज यांनी भुकेच्या प्रयोगासाठी त्यांना पुढे २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. वजन पाव हिश्शाने उतरलं. ताटं चाटली जाऊ लागली, पाककृतींची पुस्तकं उशाशी आली, एकेक घास चिवडत वेळ जाऊ लागला. बंधन उठल्यावर कित्येकांचं पोट तुडुंब भरूनही भूक हटेना. ही कसली नाटकं?

याच कीज यांनी १९७२ मध्ये उंची-वजनाच्या सूत्राला बीएमआय हे नाव दिलं, आणि तेही फक्त पुरुष मोजून! सूत्र मूळचं बेल्जियमच्या केतले यांचं. ते खगोलशास्त्रज्ञ; त्यांना 'सरासरी माणूस' हवा होता, कुणाचा जाडेपणा नव्हे. मी पाहिलेल्या एका शाळेत मात्र आरोग्यतपासणीनंतर हाच आकडा मुलींच्या नावांसकट वर्गात मोठ्याने वाचला जात होता.