समर कॅम्प: मूल बदलायचं की कॅम्प?

जानेवारी उजाडला की आमच्या कॅरीतल्या (नॉर्थ कॅरोलायना) समस्त देशी पालकांच्या अंगात वारं संचारतं. बाहेर थंडी मरणाची आणि घरोघरी चर्चा जूनमधल्या समर कॅम्पची! रोबोटिक्सचा घ्यायचा की बुद्धिबळाचा, पोहण्याचा सकाळचा की दुपारचा. रजिस्ट्रेशन उघडलं की जागा बघता बघता संपतात, त्यामुळे तत्काळ तिकिटासारखं लोक घड्याळ लावून बसतात.

एक्सेल शीट आमच्याकडेही आहे, फक्त तिचे कॉलम जरा वेगळे आहेत. लेक आठ वर्षांचा. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. बोलतो, पण कमी, आणि शक्यतो स्वतःच्या विषयावर. सध्याचा विषय लिफ्ट. कुठल्या इमारतीत कुठल्या कंपनीची लिफ्ट आहे आणि किती माणसं मावतात, हे सगळं तोंडपाठ.

मागच्या जूनमध्ये त्याला जवळच्याच एका डे कॅम्पला घातलं होतं. माहितीपत्रकावर सर्व मुलांचं स्वागत वगैरे छापलेलं. तिसऱ्या दिवशी साडेअकराला मीटिंगमध्ये असताना फोन आला. जाऊन बघतो तर साहेब टेबलाखाली, कानात बोटं घालून. शेजारी सतरा-अठरा वर्षांची काउन्सेलर मुलगी उकिडवी बसलेली, तीच रडायच्या बेतात. संचालक शांतपणे म्हणाले, "तो सहभागी होत नाहीये." उरलेल्या दोन दिवसांचे पैसे परत मिळाले. गाडीत बसल्यावर लेक म्हणाला, "सोमवारी शिट्टी चौदा वेळा. मंगळवारी सतरा." आणि मग, "कॅम्प संपला?" मी म्हटलं, हो संपला.

त्यामुळे यंदा घरात दोन पक्ष आहेत. बायको म्हणते, कॅम्पच नको, त्याला पुन्हा 'तू नको' ऐकवायचं नाही. मी म्हणतो, सगळा उन्हाळा घरात आयपॅडपुढे काढायचा, हाही एक प्रकारे 'तू नको'च झाला. तिकडून पुण्याहून आईचं तिसरंच. "इकडे पाठव त्याला, आम्ही बघतो." तुम्हाला सुट्टीत कुठल्या कॅम्पला घातलं होतं, मामाकडेच तर जायचात, हेही वर.

कोड चालेनासा झाला की आधी तो कुणी आणि कशासाठी लिहिला ते बघायचं, ही आमची धंद्यातली सवय. म्हणून ह्या वीकेंडला समर कॅम्पचा इतिहास उघडून बसलो. सापडलेलं बरंचसं मला माहीत नव्हतं.

अमेरिकेतला पहिला समर कॅम्प साधारण १८६१ चा मानतात. कनेक्टिकटमधले शाळामास्तर फ्रेडरिक गन. यादवी युद्ध नुकतं पेटलेलं, शाळेतल्या पोरांना सैनिक-सैनिक खेळायचं होतं. गन आणि त्यांच्या पत्नीने पोरांना सुमारे ४० मैल चालवत समुद्रकाठी मिलफर्डला नेलं आणि तंबू ठोकून दोन आठवडे ठेवलं. वीस वर्षांनी, १८८१ मध्ये, न्यू हॅम्पशायरमधल्या तळ्यातल्या एका बेटावर अर्नेस्ट बाल्च नावाच्या कॉलेजकुमाराने कॅम्प काढला. श्रीमंतांची पोरं सुट्टीत हॉटेलांत लोळून बिघडतात, त्यांना कामाला लावायचं, हा हेतू. म्हणजे मूळ डिझाइन लष्करी आणि संस्कारी, आपल्या संस्कार शिबिरांच्या जवळचं. गट, शिट्टी, स्पर्धा, सगळ्यांनी एकदम ओरडायची घोषणा. मूल जसं येईल तसं आत घ्यायचं आणि घडवून बाहेर काढायचं. आमच्या लेकाला ज्या ज्या गोष्टींचा त्रास झाला, त्या बग नव्हत्याच... मूळ फीचर होत्या!

आता दुसरा धागा. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर ह्या मानसोपचारतज्ज्ञांनी अकरा मुलांवर शोधनिबंध लिहिला आणि ऑटिझम हे स्वतंत्र निदान जगापुढे आलं. (शब्द त्याआधीचा, ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्व' वरून आलेला. मराठीतला 'स्वमग्न' त्याचाच भाऊ. आईने तो पेपरात वाचला तेव्हा म्हणाली, "पण हा कुठे स्वतःत मग्न आहे? हा तर लिफ्टमध्ये मग्न आहे." असो.) त्या अकरांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला एका संस्थेत ठेवलं होतं. तिथे तो मिटत गेला आणि साधारण वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणलं.

पण मला जास्त आवडली ती पुढची गोष्ट. नऊ वर्षांचा झाल्यावर डोनाल्डला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला पाठवलं. तिथे तो जवळजवळ तीन वर्षं राहिला. कॅनर १९४५ मध्ये त्याला तिथे भेटले आणि पुढे १९७१ च्या लेखात त्यांनी ह्या जोडप्याबद्दल लिहिलं. डोनाल्डला मापं घ्यायचं वेड होतं, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि तिची खोली मोजून सांगायला लावली. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्यांनी त्याला दफनभूमीसाठी जागाच नेमून दिली. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, तर नांगरता नांगरता मोज म्हणाले!

ही माणसं ना डॉक्टर होती ना शिक्षक. हे वेड घालवायचं कसं, ह्यापेक्षा हे वेड शेतात कुठे बसेल, एवढंच त्यांनी पाहिलं. डोनाल्ड पुढे कॉलेजची पदवी घेऊन गावच्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकट्याने जगभर हिंडला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. सगळं श्रेय शेताला देता येणार नाही. घरचे सधन होते आणि गावानेही त्याला सांभाळून घेतलं. पण 'चौदा वेळा शिट्टी' आठवून मी तो परिच्छेद दोनदा वाचला.

जग मात्र त्या शेताच्या वाटेने गेलं नाही. १९६७ मध्ये ब्रुनो बेटलहाइम ह्यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' आलं. हे शिकागोतल्या ऑर्थोजेनिक स्कूल ह्या निवासी संस्थेचे प्रमुख. स्वतः १९३८-३९ मध्ये दाखाव आणि बुखेनवाल्डच्या नाझी छळछावण्यांत राहिलेले. छावणीतला कैदी जसा आत मिटत जातो तसं हे मूल मिटतं, अशी त्यांची तुलना. मग घरातले पहारेकरी कोण? तर आईवडील! म्हणून इलाज काय, तर मुलाला त्यांच्यापासून तोडा. 'थंड' आयांमुळे ऑटिझम होतो हे खूळ बरीच वर्षं चाललं. खरं तर १९६४ मध्येच बर्नार्ड रिमलँड ह्यांनी ते पुराव्यानिशी खोडून काढलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका ऑटिस्टिक मुलाचे बापही.

एव्हाना आणखी एक गोष्ट घडली होती. मेरीलँडमधल्या एका आईने युनिस केनेडी श्रायव्हर ह्यांना फोन केला, की माझ्या मतिमंद मुलाला एकही समर कॅम्प घेत नाही. युनिसबाई अध्यक्ष केनेडींच्या बहीण. त्यांची दुसरी बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या मागे होती. १९४१ मध्ये तिच्यावर लोबोटॉमी झाली आणि ती होती त्याहून असहाय झाली. लहानपणी रोझमेरीबरोबर पोहलेल्या, होडीत बसलेल्या युनिसबाईंनी जून १९६२ मध्ये स्वतःच्या बंगल्याच्या आवारातच कॅम्प भरवला. तिसेक मुलं आणि जवळपास प्रत्येकाला एक शाळा-कॉलेजातला काउन्सेलर. त्यातूनच पुढे १९६८ मध्ये शिकागोत पहिलं स्पेशल ऑलिम्पिक्स झालं. त्या काळी ऑटिस्टिक मुलांवरही सर्रास 'मतिमंद' असाच शिक्का बसत असे, म्हणून त्या आईचा फोन मला आपलाच वाटला.

तिसरी गोष्ट आमच्या दाराशीच घडलेली. एरिक शॉपलर, १९३८ मध्ये नाझी जर्मनीतून कुटुंबासह निसटलेला मुलगा. शिकागोत शिकताना बेटलहाइमचे विचार जवळून पाहिले आणि ते पटले नाहीत. चॅपल हिलला येऊन रॉबर्ट राइखलर ह्यांच्याबरोबर त्यांनी नेमकं उलटं केलं, आईबापांना सहउपचारक मानलं. पालक एकतर्फी काचेआडून थेरपिस्टचं काम बघत आणि थेरपिस्ट त्यांचं. १९७१ मध्ये त्यांच्या गटाने एक साधा प्रयोग छापला. तीच मुलं, कधी मोकळ्या सत्रात, कधी आखीव सत्रात. आखीव सत्रात मुलं जास्त रमली. पुढे त्यांच्या 'टीच' पद्धतीत दिवसाचा क्रम चित्रांत लावणं, झालेलं काम 'संपलं'च्या खोक्यात टाकणं, हे सगळं आलं. आज मुलाच्या वर्गात ते रोज दिसतं. १९७२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने हा कार्यक्रम राज्यभर नेला आणि त्याच वर्षी पालकांनी उभारलेल्या राज्याच्या ऑटिझम सोसायटीचा समर कॅम्प सुरू झाला. तोच आजचा कॅम्प रॉयल. चॅथम काउंटीत १३३ एकरांवर, आमच्या घरापासून तासाभराच्या आत. ह्या प्रकारचा देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक.

तरीही हे सगळं इतरांनी ह्या मुलांसाठी केलेलं. १९९६ मध्ये ऑटिस्टिक माणसांनी स्वतःच आपला कॅम्प काढला. जिम सिंक्लेअर आणि मंडळींचं ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल, ठिकाण न्यूयॉर्क राज्यातलं कॅम्प ब्रिस्टल हिल्स, नाव 'ऑट्रीट'. तिथे छातीवर रंगीत बिल्ले लावायचे. लाल म्हणजे माझ्याशी बोलू नका. पिवळा म्हणजे आधीपासून ओळखत असाल तरच. हिरवा म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. कुठल्याही सत्राला बसायची सक्ती नाही. किती सोपं! ऑफिसात मला स्वतःलाच असा बिल्ला हवाय :)

तर १८६१ पासूनचा सगळा इतिहास वाचून माझ्यापुरता एकच प्रश्न उरला. अडलं की बदलायचं कुणी, मुलाने की कॅम्पने? त्यावरून फोनवर विचारायचे प्रश्न ठरवले:

१. त्याने शिट्टी ऐकून कान झाकले तर तुम्ही काय कराल? ('आम्हाला अनुभव आहे' हे उत्तर नव्हे.)

२. किती मुलांमागे किती माणसं, आणि त्यांना प्रशिक्षण कुणी, किती दिवस दिलं?

३. दिवसाचं वेळापत्रक आधी चित्रांत मिळेल का? बेत बदलला तर त्याला कोण आणि कसं सांगणार?

४. पाणी आणि फाटक. २०१२ मध्ये 'पीडियाट्रिक्स'मध्ये आलेल्या अमेरिकन पाहणीत ऑटिस्टिक मुलांपैकी जवळपास निम्मी चार वर्षांनंतर कधी ना कधी नजर चुकवून निघून जायचा प्रयत्न केलेली होती, आणि अशा वेळी मोठा धोका बुडण्याचा. तळ्याचा फोटो सुंदर असतो, पण कुंपण कुठे आहे?

५. न विचारता जाऊन बसता येईल अशी शांत जागा आहे का? की ती शिक्षेची जागा आहे?

६. तो लिफ्टबद्दल बोलत सुटला तर?

आणखी एक, मागच्या वर्षी मला माहीत नसलेलं. १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसअ‍ॅबिलिटीज कायद्याखाली खाजगी कॅम्पनाही वाजवी बदल करावे लागतात. नुसतं अपंगत्वाचं कारण देऊन नाही म्हणता येत नाही. (धार्मिक संस्थांना सूट आहे.) माहीत असतं तर मागच्या जूनमध्ये मी पैसे परत घेऊन गुपचूप निघालो नसतो. निदान शिट्टीचं तरी बोललो असतो.

शनिवारी तीन ठिकाणी फोन केले. पहिले म्हणाले, आल्यावर बघू. दुसरे म्हणाले, मदतनीस तुम्ही आणा, पैसे तुम्ही द्या. तिसऱ्या बाईंनी पहिला प्रश्न ऐकून उलट विचारलं, "फक्त शिट्टी की सगळेच मोठे आवाज?" आमच्याकडे शिट्टी फक्त पूलवर, बाकी हात वर करतो, म्हणाल्या. जागा रिकामी असताना एका शनिवारी त्याला घेऊन या, फोटो काढून न्या.

रात्री बायकोला हे सगळं सांगितलं. डोनाल्डच्या मक्याचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, एक आठवडा, अर्धा दिवस, आणि तू दहा मिनिटांवरच्या लायब्ररीत बसून काम करायचंस. मी कबूल. कॅम्प रॉयलच्या निवासी आठवड्याचा विचार तो थोडा मोठा झाल्यावर. आईला सांगितलं, डिसेंबरात येतोच आहोत.

सकाळी लेकाला त्यांच्या वेबसाइटवरचे फोटो दाखवले. त्याने सगळे नीट बघितले आणि विचारलं, "लिफ्ट?"

"नाही रे, एकच मजला आहे."

थोडा विचार करून म्हणाला, "रॅम्प?"

ते मला माहीत नव्हतं. येत्या शनिवारी दोघं जाऊन बघून येतो.