डोंगरमाथ्यावरील हक्क

सृष्टिसौंदर्य सर्वांचें, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु पाहणारे फार आणि जागा थोडी, अशी वेळ आली म्हणजे त्या सर्वांत प्रथम कोण, हें ठरवावेंच लागतें. सातारा जिल्ह्यांत या प्रश्नाला दोन शतकांचा इतिहास आहे.

१८२८ मध्यें मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं महाबळेश्वरीं आरोग्यस्थान वसविण्यास आरंभ केला. पुढल्याच वर्षीं वाई प्रांतांतील खंडाळें हें गांव मोबदला देऊन कंपनीनें ती जागा छत्रपति प्रतापसिंह महाराजांकडून घेतली. तेथें येणाऱ्यांची मोजदाद कोणी करीत नसे. तिची गरजच नव्हती. डोंगरावर उन्हाळा काढावयाचा तर हुद्दा हवा किंवा पैसा हवा. चाळणी एवढ्यानेंच होई. सामान्य मनुष्य वर जाई तो कृष्णेच्या उगमाच्या दर्शनाला, नाहीं तर पोटासाठीं.

मोटारींनीं ही चाळणी मोडली. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर कासचें पठार आहे. कातळावर मातीचा पातळ थर आणि त्यांत सपुष्प वनस्पतींच्या ८५० जाति! २०१२ मध्यें पश्चिम घाटांतील ३९ स्थळांपैकीं एक म्हणून त्याची जागतिक वारशांत गणना झाली, आणि पावसाळ्याअखेर तेथें माणसांचा पूर लोटूं लागला. फुलें पाहावयास आलेलेच फुलें तुडवूं लागले. तेव्हां दिवसास ३,००० माणसांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि शुल्क, असे निर्बंध आले.

हुद्द्यापेक्षां रांग बरी, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. मात्र रांगही अगदीं निःपक्षपाती नसते. घरबसल्या नोंदणी करणें ज्यास साधतें तो पुढें सरकतो. शुल्क चढेल तसतसा गरीब मागें पडतो. शिवाय भोवतालच्या गांवांनीं आपल्या गुरांची चराई सोडली, ती कोणत्याच रांगेंत मोजली जात नाहीं. सांगलीच्या पश्चिम सीमेवरील चांदोलीचें रान २००४ मध्यें राष्ट्रीय उद्यान झालें; त्या रानासाठीं तर गांवेंच्या गांवें उठलीं.

म्हणून आम्हांस वाटतें, किती माणसें यावींत हें पठाराच्या सोसण्यावरून ठरावें, कोणी आधीं यावें हें क्रमानें ठरावें, आणि कांहीं जागा शाळांतील मुलांसाठीं अल्प शुल्कांत राखाव्यात. कासचें शुल्क गांवकऱ्यांच्या वनव्यवस्थापन समितीकडे जातें, हें योग्यच आहे. ज्यांनीं रान सोडलें, त्यांचा वाटा पहिला. आपण तेथें पाहुणेच आहों.