चित्रपटगृहातील रिळांचा अस्त : चेन्नईचे उदाहरण

35 मिमी प्रोजेक्टरमधून सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे मिनिटाला 90 फूट फिल्म सरकते. अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट फिल्म लागे. प्रती महाग आणि मोजक्या असत. म्हणून लहान गावांत त्या उशिरा, ओरखडे पडूनच पोहोचत. 2005 च्या सुमारास चेन्नईच्या रिअल इमेज कंपनीने ‘क्यूब’ ही डिजिटल प्रणाली आणली. मग गावांनाही पहिल्याच दिवशी स्वच्छ चित्र मिळू लागले. रिळे जोडणाऱ्या ऑपरेटरचे कसब मात्र निरुपयोगी ठरले.

लक्षात घ्या, थंड, कोरड्या जागी फिल्म अनेक दशके टिकते. डिजिटल फाइल दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवावी लागते. ही जबाबदारी कोणाची, याचा तुम्हीच विचार करा.