हिंगुळाची ओळ आणि पडद्यावरचा रंग

‘कामाला हरताळ फासला’ असे आपण सहज म्हणतो. पण हा हरताळ म्हणजे काय, असे विचारले तर गिरगावातला पदवीधरही क्षणभर थांबेल. हरताळ हे एक पिवळे खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखक त्यावर हरताळाचा लेप देई. हा रंग शोभेचा नव्हे. तो वाचणाऱ्याला बजावीत होता की, एवढे सोडून पुढे चला. तसाच लाल हिंगूळ. मजकूर काळा, पण ‘उवाच’, अध्यायाची समाप्ती, श्लोकांचे आकडे किंवा दंड पुष्कळदा लाल. जुन्या पोथ्यांत शब्दही सुटे नसत. अशा सलग ओळींत पुराणिकाला कालची जागा सापडायची, ती या लाल खुणांच्या आधारे.

मग मुंबईत छापखाने आले. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापले. शाईत चरबी असेल या शंकेने सोवळी मंडळी छापील पोथीला शिवेनात, म्हणून तुपाची शाई निघाली, हे आपण ऐकलेच आहे. शाईच्या सोवळ्याची गोष्ट सगळे सांगतात. शाईच्या रंगाचे काय झाले, ते मात्र कोणी सांगत नाही. बोरूवाल्याला रंग बदलायचा तर दौत बदलली की झाले. छापखान्यात दुसऱ्या रंगाला दुसरा फर्मा लागतो, तोच कागद पुन्हा यंत्रातून काढावा लागतो, आणि जुळणी जरा हलली की लाल अक्षर काळ्यावर चढते! खर्च दुप्पट, वर डोक्याला ताप. तेव्हा रंगाचे काम जाड खिळ्यांकडे आणि रेघांकडे गेले. १८६९ साली जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागरचे देवनागरी टाइप देशभर नावाजले गेले, पण पान बहुधा काळेच. रंग गेला तो चित्रांकडे. १८९४ साली गिरगावात रविवर्म्याचा छापखाना निघाला. तेथे एकेका रंगाला वेगळी शिळा असे. १९७३ साली ‘कालनिर्णय’ निघाले, आणि सुटीची लाल तारीख घरोघरच्या भिंतीवर दिसू लागली.

आता संगणकाचा टर्मिनल बघा. टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्याचा पडदा. येथे बोरूवाल्याची सोय परत आली. १९७० नंतरच्या दशकात संकेत ठरले : ‘एस्केप’ हे न दिसणारे चिन्ह, मग चौकटी कंस, ३१ हा आकडा आणि ‘एम’ हे अक्षर, की पुढचा मजकूर लाल. ३१ च्या जागी शून्य घातले की रंग उतरला. मजकुराला रंग देणारी छोटी आज्ञावली एवढेच करते. आपण ‘लाल’ म्हणायचे, आकडे तिने घालायचे. शून्य राहून गेले तर पुढचा सगळा पडदा लाल! आणि तोच मजकूर पडद्याऐवजी फायलीत गेला तर हे आकडे कचऱ्यासारखे मध्येमध्ये पडतात. म्हणून शहाणी आज्ञावली आपण पडद्यावर लिहितो आहोत ना, हे आधी तपासते.

पण एक गोष्ट पोथीवाल्याने अधिक जाणली होती, असे मला वाटते. हिंगूळ उडाला तरी दंड राहतो, ‘इति’ हा शब्द राहतो. पडद्यावर मात्र काम झाले हे हिरव्याने आणि चुकले हे लालाने, इतकेच सांगून पुष्कळजण मोकळे होतात. ज्याच्या डोळ्यांना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही, त्याने काय करायचे? ‘चूक’ हा शब्द लिहायला असे किती कष्ट पडतात! २०१७ साली ‘नो कलर’ नावाचा संकेत पुढे आला. वापरणाऱ्याने तो लावून ठेवला की आज्ञावलीने आपणहून रंग घालू नये, असा त्याचा अर्थ. अनेक आज्ञावल्या तो पाळतात, सगळ्या नव्हे.