बुलेट आणि तिचे मिस्त्री

इंग्लंडात रेडिच नावाचं गाव आहे. ते पूर्वी सुयांसाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या एका सुयांच्या कारखान्यातून पुढं सायकली निघायला लागल्या. मग एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवायचं काम मिळालं आणि त्यावरूनच ‘रॉयल एनफिल्ड’ हे नाव पडलं. १९०१ साली त्यांची पहिली मोटारसायकल आली आणि ‘बुलेट’ हे नाव १९३२ साली. आमच्या गावात हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. बुलेट म्हणजे फौजदाराची, नाहीतर बड्या बागायतदाराची. ती साहेबाच्या देशातली कशी असेल?

ती इकडं आली फौजेमुळं. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवर गस्त घालायला दणकट गाडी पाहिजे होती. सरकारनं बुलेट निवडली. १९५५ साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. आधी इंग्लंडहून सुटे भाग यायचे आणि इथं जोडले जायचे. १९६२ पर्यंत सगळे भाग इथंच बनायला लागले. पुढं १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला आणि १९७० च्या सुमारास विलायतेतलं उत्पादनच थांबलं. मद्रासेत मात्र तीच जुनी गाडी निघत राहिली. १९७७ पासून तर इथली बुलेट जहाजानं इंग्लंडला जायला लागली. लेक माहेरी निघाली म्हणायची.

ही गाडी इतकी वर्षं टिकली कशी? कंपनीचा वाटा आहेच. पण माझ्या मते निम्मं श्रेय आमच्या तालुक्यातालुक्यातल्या मिस्त्र्यांचं आहे. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत, म्हणून हे लिहितोय.

हे मिस्त्री कुठं शिकले? तर विहिरीवर. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मोटा जाऊन मळ्यामळ्यात डिझेल इंजिनं आली. मी शाळेत होतो तेव्हा संध्याकाळी चहूकडनं त्यांचा ठोका ऐकू यायचा. ऐन उन्हाळ्यात इंजिन बंद पडलं तर ऊस वाळायचा. शहरातनं माणूस येईस्तोवर थांबायची सोय नव्हती. मग गावातलाच एखादा लोहार, सुतार, नाहीतर सातवी नापास पोरगा पाना घेऊन बसायचा. त्यातनं हे मिस्त्री तयार झाले. विहिरीवरच्या इंजिनाला एकच सिलिंडर, जड फ्लायव्हील, वर व्हॉल्व्ह. बुलेटचंही तेच. कार्बोरेटर आणि ठिणगीचं तेवढं नवीन. ज्यानं विहिरीवरचं इंजिन खोललं, त्याला बुलेट परकी वाटली नाही. पुढं तर ३२५ सीसीचं डिझेल इंजिन बसवलेली बुलेटच बाजारात आली, तेव्हा आमच्या मिस्त्र्याला काहीच नवल वाटलं नाही.

माझी गाडी १९७६ ची, लिलावातली. १९८६ साली ऊसबिलाच्या पैशातनं घेतली. ३४६ सीसी. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. धाव लांब, म्हणून ठोका सावकाश आणि ताकद कमी वेगातच जास्त. दुधाचे दोन कॅन लावून चिखलाच्या पाणंदीतनं ती रेड्यासारखी मुकाट चालायची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला.

मिस्त्र्यानं मला पहिल्या दिवशी दुरुस्ती शिकवली नाही, किक शिकवली. म्हणाला, “पायानं हाणू नगंस. आधी अँपिअरचा काटा बघ. किक हळू दाब, काटा मधी आला की थांब. मग डीकॉम दाबून किक वाईच खाली दे, डीकॉम सोड, किक वर घे आन् आता अंगाचं वजन टाक.” यात सगळी विद्या आहे. काटा मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन वरच्या टोकाजवळ आला. बाहेरून काट्याकडं बघून आतला पिस्टन कुठं आहे ते कळतं. हे न बघता किक मारली तर गाडी उलट लाथ घालते. घोटा सुजलेली माणसं मी बघितलीत.

मग हळूहळू बाकीचं. टॅपेट सकाळी, इंजिन गार असतानाच बघायचे. उजव्या अंगाचं छोटं झाकण एका नटावर उघडतं. पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणायचा. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. पॉइंट पॉलिश पेपरनं घासून त्यांच्यातली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची. चेन रॉकेलमध्ये धुवायची. कागदाची नळी करून क्लचच्या केबलमध्ये तेल सोडायचं. काढलेलं काळं ऑइल आम्ही कधी ओतून दिलं नाही. ते बैलगाडीच्या आसाला जायचं, फाटकाच्या बिजागरीला जायचं. सिलिंडर झिजला की लेथवाल्याकडं बोअर करून एक माप मोठा पिस्टन घालायचा. टाकून द्यायची पाळी कशावरच यायची नाही.

या भरवशावर आम्ही लांब लांब गेलो. पंढरपूर, गाणगापूर, खाली कोकणात. एकदा मी आणि माझा चुलतभाऊ कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. आंबा घाटात अंधार पडला आणि गाडी फटफट करून थांबायला लागली. झाकण काढून बघितलं तर पॉइंटवर निळसर ठिणग्या उडत होत्या. म्हणजे कंडेन्सर गेला. डब्यात दुसरा होता. भावानं बॅटरी धरली, अर्ध्या तासात गाडी चालू. त्या काळी फोन नव्हता, कुणाला बोलवायची सोय नव्हती. पण गाडी काय सांगते ते आम्हाला कळत होतं, म्हणून भीती वाटली नाही.

२०१० च्या सुमारास ते जुनं ओतीव लोखंडाचं इंजिन बंद झालं. गिअर त्याआधीच डाव्या पायाला गेला होता. २०२० च्या नव्या प्रदूषण नियमांबरोबर बुलेटचा कार्बोरेटरही गेला. माझ्या मुलाची नवी बुलेट बटणावर सुरू होते, ऑइल गळत नाही, धूर नाही. ती चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण तिचा दिवा पेटला तर संगणक लावावा लागतो आणि तो तालुक्याला असतो. गावातला माणूस नुसता बघत उभा राहतो. ट्रॅक्टरचंही आता तेच होत चाललंय. शेतकऱ्याच्या हातातनं पाना गेला की त्याचा वेळही दुसऱ्याच्या हातात जातो. पेरणीच्या दिवसांत याचा अर्थ काय होतो ते शेती करणाऱ्याला सांगायला नको.

माझा मिस्त्री आता ऐंशीच्या घरात आहे. डोळ्याला नीट दिसत नाही. मी गाडी घेऊन गेलो की तो ओट्यावर बसून कान लावतो आणि म्हणतो, “एक्झॉस्टचा टॅपेट वाजतोय.” झाकण काढल्यावर तेच निघतं. त्यानं जन्मात एक ओळ लिहिली नाही. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं एमआयडीसीत गेली.

म्हणून गेल्या वर्षापासून मी शंभर पानी वही घातली आहे. दर आठवड्याला त्याच्याकडं जातो, एकेक काम विचारतो, तो सांगतो तसं त्याच्याच शब्दांत उतरवतो. क्लच प्लेटा, गिअरबॉक्स, ऑइल पंप झाले. मॅगनेट राहिलंय. नातू दहावीत आहे, आकृत्या तो काढतो. परवा काढता काढता त्यानं विचारलं, “आजोबा, हे खोलून बघायचं का?” आम्ही खोललं.