‘श्यामची आई’ आता कुणाची?

माझं लहानपण नाशिकरोडच्या जेल रोडला गेलं. शाळेच्या वाटेवर मध्यवर्ती कारागृहाची भिंत रोजचीच, आणि ‘गुरुजींनी श्यामची आई इथंच लिहिली’ हे आजी दर वेळी नव्याने सांगायची. ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतली, १३ तारखेच्या पहाटे हातावेगळी केली. (आमच्या ऑफिसात एक स्प्रिंट दोन आठवड्यांचा असतो, तरी काम उरतंच.)

दोन वर्षांपूर्वी आजीच्या आवाजात त्यातल्या काही ‘रात्री’ फोनवर रेकॉर्ड करून मी एका साइटवर टाकल्या. तिसऱ्या दिवशी कॉपीराइटचा दावा आला. दावेदाराचं याच पुस्तकाचं ऑडिओबुक होतं. मी घाबरून सगळं काढून टाकलं, आणि मग १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून बसलो. आधी वाचायला हवा होता.

हिशेब सोपा निघाला. लेखक गेल्यावर पुढच्या जानेवारीपासून ६० वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून पुस्तक सगळ्यांचं. पण मूळ कायद्यात मुदत ५० वर्षांचीच होती. त्या हिशेबाने ते २००१ सालीच मोकळं व्हायचं. मधल्या दहा वर्षांचा धागा थेट शांतिनिकेतनात जातो. रवींद्रनाथ १९४१ साली गेले; त्यांच्या साहित्याचे हक्क विश्वभारतीकडे होते आणि १९९१ अखेर संपणार होते. मुदत संपायच्या तोंडावर सरकारने अध्यादेश काढला, १९९२ साली कायदा बदलला आणि दहा वर्षं वाढवली, सगळ्यांचीच. टागोरांसाठी केलेली सोय अमळनेरच्या मास्तरांच्या पुस्तकालाही लागू झाली.

अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाची तऱ्हा आणखी वेगळी. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनापासून ६० वर्षं मोजून २०१३ अखेर संपला. पण त्यातलं अत्र्यांचं गाणं वेगळं काढून वापरायचं म्हटलं, तर शब्दांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे आणि वसंत देसाईंच्या चालीवरचा २०३५ पर्यंत. आणि २७ फेब्रुवारीला आपण ज्यांच्या कविता बिनदिक्कत फॉरवर्ड करतो, त्या आमच्या नाशिकच्या कुसुमाग्रजांचं साहित्य २०५९ अखेरपर्यंत बंदिस्त आहे. तोवर मी साठी ओलांडलेली असेन.

एवढं थांबायचं नसेल तर निर्मात्याने स्वतःच दार उघडायचं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवं नाही. स्टॉलमनचा जीपीएल परवाना १९८९ चा. तीच कल्पना क्रिएटिव्ह कॉमन्सने २००२ च्या डिसेंबरात लेखन, चित्रं, संगीत यांच्यासाठी आणली. हक्क आपलाच राहतो, फक्त वापराची परवानगी सगळ्यांना आधीच देऊन ठेवायची आणि अटी आपण निवडायच्या. नाव द्या. बदल केलात तर तोही याच अटीवर खुला ठेवा. विकिपीडियाचा मजकूर असाच चालतो.

तर दावेदाराचा हक्क त्याच्या रेकॉर्डिंगपुरता होता, पुस्तकावर नव्हे. तसं उत्तर पाठवलं आणि फाइल परत चढली. पण ती खुल्या परवान्याने द्यायची तर अडचण माझ्याच घरात होती. पुस्तक मोकळं असलं तरी वाचन आजीचं, आणि वाचणाऱ्याचाही हक्क कायदा ५० वर्षं मानतो. तिला न विचारताच मी ते टाकलं होतं.

कागद घेऊन गेलो. ‘सही कशाला? पुस्तक गुरुजींचं, मी नुसतं वाचलं,’ म्हणाली. मी अटी समजावल्या.

‘कुणी विकलं तर?’

‘नको असेल तर तशी अट घालता येते.’

‘विकू दे. पण मध्येच मला रडू आलंय, ते कापायचं नाही म्हणावं.’

तशीही अट आहे, बदल करायचा नाही अशी. पण मग एखाद्या बाईंना वर्गात ऐकवायला त्याची काटछाट करून संक्षिप्त आवृत्ती बनवून पुढे पाठवता येणार नाही, हेही सांगितलं. आजी बराच वेळ गप्प बसली.

‘मग कापू दे. पण नाव पूर्ण लिही. माहेरचंसुद्धा.’